रोज सव्वाअकराला पट्ट्या लटकतात, सर्व्हर मात्र निवांत. डेटाबेसच्या पोटात बघायचं कसं?

हळकुंड_सांगली · मंगळवार, दुपारी १:४२

मंडळी, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका मोठ्या अडत पेढीला आमचं सॉफ्टवेअर आहे. सहा गाळे, पंचवीस स्क्रीन. हळदीचे सौदे, तोलाई, हमाली, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब), व्यापाऱ्याचं बिल, खतावणी, सगळं त्यातच. डेटाबेस पोस्टग्रेस १३, पेढीच्याच ऑफिसात एक सर्व्हर, त्यावर उबुंटू.

एरवी कधी तक्रार नाही. आता नवी हळद सुरू झाली, आवक जोरात आहे आणि गेला आठवडाभर रोज एकच रड. सौदे आटोपले की अकरा-सव्वाअकराला सगळे दिवाणजी एकदम पट्ट्या काढायला बसतात आणि पट्टी लटकते. स्क्रीनवर ते चाक गरगरत राहतं. पाच मिनिटं, कधी दहा. मग आपोआप सुटतं आणि धडाधड पट्ट्या बाहेर पडतात. तोवर शेतकरी टेम्पो लावून पट्टीची वाट बघत उभा, आणि मालकाचा फोन मला.

सर्व्हरवर बघावं तर सीपीयू ८ टक्के, डिस्क शांत. शनिवारी १६ जीबीची रॅम ३२ केली. घाबरून मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळी किती जोडण्या चालतील ती मर्यादा) १०० चं ५०० केलं. फरक शून्य. त्यात काल सोमवारी लाईट गेली, यूपीएसनं दगा दिला, सर्व्हर धाडकन बंद. परत चालू झाला, डेटा शाबूत आहे.

कुणीतरी म्हणालं की डेटाबेसमध्ये मॉनिटरिंग व्ह्यू असतात, त्यात बघ. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी उघडला तर बऱ्याच ओळींत क्वेरीच्या जागी 'इनसफिशियंट प्रिव्हिलेज' एवढंच येतंय. पुढं काय करू?

रॅमबाण · मंगळवार, दुपारी १:५५

३२ म्हणजे काहीच नाही हो आजकाल. ६४ करा, शेअर्ड_बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची कॅश) वाढवा, विषय संपला.

बेदाणा_ताई · मंगळवार, दुपारी २:१०

सीपीयू ८ टक्के आणि डिस्क शांत असं लिहिलंय त्यांनी. ज्या दुकानात गिऱ्हाईकच नाही तिथं आणखी दोन गडी ठेवून काय होणार?

आयर्विनवाला · मंगळवार, दुपारी ३:०५

ताईंचं बरोबर आहे. काम जास्त झालंय म्हणून लटकत असतं तर सीपीयू नाहीतर डिस्क, काहीतरी तापलं असतं. इथं दोन्ही थंड आणि माणसं मात्र खोळंबलेली. म्हणजे कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय. ही वाट बघणारी रांग लिनक्सच्या टॉप कमांडमध्ये दिसत नाही, टास्क मॅनेजरमध्ये दिसत नाही. ती दिसते फक्त डेटाबेसच्या स्वतःच्या व्ह्यूमध्ये.

आधी अधिकाराचं. साध्या युजरला स्वतःच्या सेशनचा (डेटाबेसशी असलेल्या जोडणीचा) तपशील दिसतो, दुसऱ्याच्या क्वेरीवर पडदा असतो. म्हणून लगेच सुपरयुजरचा पासवर्ड वाटत सुटू नका. आवृत्ती १० पासून पीजी_मॉनिटर नावाचा तयार रोल आहे, तो तुमच्या युजरला ग्रँट करा. सगळं बघता येईल, डेटाला हात लावता येणार नाही. (नावं इथं देवनागरीत लिहितोय, टाकताना रोमनमध्ये टाका, सगळी लहान अक्षरं.)

उद्या अकराला पीएसक्यूएल (पोस्टग्रेसची कमांड लिहायची खिडकी) उघडून तयार बसा. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमधून एवढेच कॉलम काढा: पीआयडी (सेशनचा नंबर), ॲप्लिकेशन_नेम, क्लायंट_ॲड्र, स्टेट, वेट_इव्हेंट_टाइप, वेट_इव्हेंट, एक्सॅक्ट_स्टार्ट (xact_start), क्वेरी_स्टार्ट, क्वेरी. शेवटी एक जादूचा कॉलम जोडा, पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज हे फंक्शन, कंसात पीआयडी. हा सेशन कुणामुळे अडलाय त्यांचे नंबर ते देतं. क्वेरी लिहून झाली की शेवटी अर्धविरामाऐवजी बॅकस्लॅश वॉच ५ लिहा, दर पाच सेकंदांनी तीच पुन्हा चालेल.

आणि लटकलं की घाबरून सर्व्हर रिस्टार्ट करू नका. रिस्टार्ट केलं की पुरावा गेला.

नवखा_मिरज · मंगळवार, दुपारी ४:२०

बावळट प्रश्न आहे, माफ करा. हे व्ह्यू म्हणजे आपण बनवतो तसलेच व्ह्यू का? त्यांच्यामागं कुठलं टेबल असतं? आणि तुम्ही लोक 'दोनदा रीडिंग घ्या' म्हणत असता ते कशासाठी?

आयर्विनवाला · मंगळवार, रात्री ९:३०

प्रश्न अजिबात बावळट नाही. पंधरा वर्षं काम केलेले लोक इथंच घसरतात.

या व्ह्यूंमागं डिस्कवरचं टेबल नसतं. डेटाबेस चालू असताना मेमरीत स्वतःबद्दलच्या ज्या नोंदी ठेवतो त्या आपल्याला टेबलाच्या रूपात दाखवतो, एवढंच. त्यांच्यात दोन जाती आहेत. पहिली जात या क्षणाची: पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी, पीजी_लॉक्स, मोठं व्हॅक्यूम (जुन्या ओळींची साफसफाई) चालू असेल तर पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_व्हॅक्यूम. आत्ता कोण काय करतंय ते सांगतात, मिनिटापूर्वीचं विचाराल तर गप्प. दुसरी जात साठत जाणाऱ्या आकड्यांची: पीजी_स्टॅट_डेटाबेस, पीजी_स्टॅट_युजर_टेबल्स, पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स. हे विजेच्या मीटरसारखे. बहुतेक आकडे फक्त वाढतात.

आता तुम्ही मिरजेचे, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. पावसाळ्यात कुणी कृष्णेच्या पाण्याबद्दल नुसतं "आयर्विन पुलाला ३८ फूट" म्हणालं की तुम्ही पहिलं काय विचारता? चढतंय का उतरतंय. तासापूर्वी किती होतं. कोयनेतून विसर्ग किती चालू आहे. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५ हे सगळ्यांना पाठ असतं, पण ३८ वर चढणारं पाणी आणि ४२ वरून उतरणारं पाणी यांत कुठल्या रात्री सामान माळ्यावर चढवायचं हे कळायला एक आकडा पुरत नाही. २०१९ च्या ऑगस्टात ५७ फुटांपर्यंत गेलं तेव्हा आम्ही रात्रभर दर तासाचा आकडा वहीत लिहून मागचा वजा करत बसलो होतो. दुसऱ्या जातीचे व्ह्यू असेच वाचायचे. सकाळी ९ चा आकडा, संध्याकाळी ६ चा आकडा, वजाबाकी. मध्ये काय झालं ते त्या वजाबाकीत असतं.

एक गोम आणखी. तुमचा मीटर शून्यापासून कधी सुरू झाला ते पीजी_स्टॅट_डेटाबेसच्या स्टॅट्स_रीसेट कॉलममध्ये बघा. हळकुंडराव, तुमच्याकडं काल सर्व्हर धाडकन पडला म्हणजे मीटर कालच शून्यावर आलाय. नीट शटडाउन केलं तर आकडे जपून ठेवले जातात, असं पडलं तर फेकून दिले जातात.

हळकुंड_सांगली · बुधवार, सकाळी ११:५०

सापडलं!! पण कळलं काहीच नाही.

११:१४ ला लटकलं. १९ सेशन थांबलेले. सगळ्यांची क्वेरी एकच, पट्टी_क्रमांक टेबलावर अपडेट (पुढचा नंबर घेण्यासाठी). वेट_इव्हेंट_टाइप सगळ्यांचा लॉक (म्हणजे दुसऱ्या कुणीतरी अडवून धरलंय). पण वेट_इव्हेंट एकाचाच ट्रान्झॅक्शनआयडी, बाकी १८ जणांचा टपल (म्हणजे टेबलातली ओळ). त्या १८ जणांना अडवणारा म्हणून ४२०३ दिसतो, आणि ४२०३ स्वतःच ४१२७ साठी थांबलाय! ४१२७ ला मात्र कुणी अडवलेलं नाही, त्याच्यापुढं रिकामा कंस.

तर ४१२७ चोर. पण त्याची क्वेरी बघितली तर प्रिंटर_सेटिंगवरची साधी सिलेक्ट! स्टेट 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', वेट_इव्हेंट 'क्लायंटरीड'. नुसत्या सिलेक्टनं १९ जण कसे काय अडतील?

११:२२ ला आपोआप सुटलं.

रॅमबाण · बुधवार, दुपारी १२:०२

कॅश हिट रेशो किती आहे ते तरी सांगा. पीजी_स्टॅट_डेटाबेसमधून ब्लॉक्स_हिट भागिले हिट अधिक रीड.

हळकुंड_सांगली · बुधवार, दुपारी १२:१०

९९.४ टक्के.

रॅमबाण · बुधवार, दुपारी १२:११

मग तर भारी चाललंय की.

बेदाणा_ताई · बुधवार, दुपारी १२:४०

१९ माणसं आठ मिनिटं बसून आणि भारी चाललंय! हिट रेशोत लॉकची वाट मोजलीच जात नाही. उलट सगळे अडले की वाचन थांबतं, रेशो आपला जिथल्या तिथं छान दिसतो. त्यात 'रीड' म्हणजे डिस्कवरूनच आलं असंही नाही, लिनक्सच्या कॅशमधून आलेलंही तिथं रीड म्हणूनच मोजलं जातं. मी तो आकडा वर्षातून एकदा बघत असेन.

हळकुंडदादा, तुमच्या सिलेक्टचं कोडं सोपं आहे. स्टेट ॲक्टिव्ह असेल तरच क्वेरी कॉलममध्ये आत्ता चाललेली क्वेरी असते. नसेल तर त्या सेशननं शेवटची चालवलेली क्वेरी तिथं लटकत राहते. ४१२७ नं आधी पट्टी_क्रमांक अपडेट केला, मग प्रिंटरचं सेटिंग वाचलं, आणि कमिट न करता, म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्कं किंवा रद्द होणारं काम) पक्कं न करता, गप्प बसला. लॉक त्या अपडेटचं आहे, दिसतेय मात्र नंतरची सिलेक्ट. एक्सॅक्ट_स्टार्ट आणि क्वेरी_स्टार्ट यांतला फरक बघा, ट्रान्झॅक्शन कधी उघडलं आणि शेवटची हालचाल कधी झाली ते कळेल.

क्लायंटरीड म्हणजे डेटाबेस म्हणतोय, "मी मोकळा आहे, तुम्ही सांगा पुढं काय करू." चेंडू तुमच्या ॲपच्या हातात आहे. क्लायंट_ॲड्रवरून कुठलं मशीन ते काढा आणि तिथं प्रत्यक्ष जाऊन बघा काय चाललंय.

१८ आणि १ चं म्हणाल तर ती रांग आहे. एका ओळीसाठी अनेक जण आले की पहिला थेट मालकाच्या ट्रान्झॅक्शनची वाट बघतो, बाकीचे त्याच्यामागं नंबर लावून. म्हणून पहिल्या अडवणाऱ्यावर थांबायचं नाही, रिकामा कंस सापडेपर्यंत वर जायचं.

हळकुंड_सांगली · बुधवार, संध्याकाळी ७:१५

आयपीवरून मशीन चार नंबर गाळ्यातलं निघालं. संध्याकाळी जाऊन दिवाणजींच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, सकाळी सारखीच एक पट्टी काढून दाखवा.

त्यांनी लॉट निवडला, वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं भरलं, 'पट्टी करा' दाबलं. स्क्रीनवर आमचीच छोटी खिडकी आली: "पट्टी क्र. ३१८७ छापायची का? हो / नाही." दिवाणजी म्हणाले, "आता इथं मी शेतकऱ्याला हाक मारतो. तो आला की आकडे वाचून दाखवतो, त्याला पटले की मग 'हो'." आणि शेतकरी कुठं असतो? कधी टेम्पोजवळ, कधी चहाच्या गाड्यावर. सकाळी तो सापडला आठ मिनिटांनी.

खिडकी उघडी असताना मी फोनवरून बघितलं. आयडल इन ट्रान्झॅक्शन. नंबर घेतला, ओळ लॉक झाली, खिडकी दाखवली, आणि कमिट 'हो' दाबल्यावर! चार वर्षांपूर्वी मीच लिहिलेला कोड आहे, दुसऱ्या कुणाला काय बोलू. तेव्हा गाळा एकच होता, एकच दिवाणजी, कळलंच नाही.

माची_पेठ · बुधवार, रात्री ८:०५

साताऱ्यातून सलाम. ओरॅकलवर आयुष्य गेलं, चोर सगळीकडं हाच. आमच्याकडं व्ही$सेशनमध्ये ब्लॉकिंग_सेशन कॉलम असतो आणि मुळाचा चोर थेट सांगणारा फायनल_ब्लॉकिंग_सेशनही, त्यामुळं शिडी चढावी लागत नाही. फक्त नव्या पोरांना एक सांगणं: एडब्ल्यूआर आणि एएसएचचे इतिहासवाले व्ह्यू उघडण्याआधी डायग्नॉस्टिक पॅकचं लायसन्स आहे का विचारा. क्वेरी चालते म्हणजे ती चालवायची परवानगी आहे असं नव्हे.

कराडकर · बुधवार, रात्री ८:३०

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी: सिस.डीएम_एक्झेक_रिक्वेस्ट्समध्ये ब्लॉकिंग_सेशन_आयडी. पण झोपलेला चोर तिथं दिसतच नाही, कारण त्याची रिक्वेस्टच चालू नसते. त्याला सिस.डीएम_एक्झेक_सेशन्समध्ये शोधा, ओपन_ट्रान्झॅक्शन_काउंट शून्याच्या वर असतो. आणि हे बहुतेक आकडे सर्व्हिस रिस्टार्ट केली की साफ.

नंबरासाठी सरळ सीक्वेन्स (आपोआप पुढचा नंबर देणारी सोय) वापरा की, लॉकचा प्रश्नच नाही.

हळकुंड_सांगली · बुधवार, रात्री ८:४१

सीक्वेन्स जमत नाही हो. ट्रान्झॅक्शन रोलबॅक (रद्द) झालं तरी सीक्वेन्सचा नंबर परत येत नाही, खाडा पडतो. ३१८६ नंतर थेट ३१८८ आली की तपासणीला बसलेला माणूस पहिलं विचारतो, मधली पट्टी कुठं दडवली?

आयर्विनवाला · बुधवार, रात्री १०:१०

पट्टीपुस्तकाला खाडा चालत नाही हे खरंय, म्हणून टेबल ठेवा. जागा बदला फक्त. खिडकीत पट्टीचा कच्चा हिशेब दाखवा, नंबराशिवाय. शेतकऱ्याला आकड्यांशी मतलब, नंबराशी नाही. 'हो' दाबलं की मग ट्रान्झॅक्शन उघडा, पट्टीच्या ओळी घाला, सगळ्यात शेवटी नंबर घ्या, लगेच कमिट. छपाई कमिटनंतर. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी पुन्हा छापता येतं. लॉक मिलिसेकंदांपुरतं राहील.

आजच्या आज आणखी दोन गोष्टी. लॉग_लॉक_वेट्स चालू करा, तुमच्या आवृत्तीत तो मुळात बंद असतो. कुणी डेडलॉक_टाइमआउटपेक्षा, म्हणजे एरवी एका सेकंदापेक्षा, जास्त थांबला की लॉगमध्ये कोण कुणासाठी थांबला ते पीआयडीसकट येईल. आणि प्रत्येक स्क्रीनच्या कनेक्शनमध्ये ॲप्लिकेशन_नेम द्या, 'गाळा४_पट्टी' असं काहीतरी. आयपी शोधत फिरायला लागू नये.

मॅक्स_कनेक्शन्स परत १०० वर आणा. पंचवीस स्क्रीनला ५०० कशाला? वाट बघणाऱ्यांची रांग तेवढी लांब होते. रिस्टार्ट लागेल, तो रविवारी करा. शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स आधीच असेल तर डेटाबेसमध्ये आजच एक्स्टेन्शन तयार करा, नसेल तर तेही त्याच रिस्टार्टमध्ये घाला. तुमच्याकडं आणखी काहीतरी असणार असा मला वास येतोय.

हळकुंड_सांगली · गुरुवार, संध्याकाळी ६:४०

रात्रीच कोड बदलून टाकला. आज ११:१५ ला वॉच लावून बसलो होतो. अडलेला सेशन एकही नाही. मालकाचा फोनसुद्धा आला नाही, उलट मीच केला.

आता आयर्विनकाकांच्या वासाबद्दल. लायब्ररी आधीच लोड होती, रिस्टार्ट रविवारवर ठेवलाय. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स सकाळी ९ ला आणि ६ ला टेबलात उतरवून घेतला, वजाबाकी केली. मला वाटत होतं खतावणीचा उतारा सगळ्यात जड असणार, एकेकाला १४ सेकंद लागतात. दिवसात तीनदा निघाला, एकूण ४२ सेकंद. आणि पहिल्या नंबरवर कोण? भावफलक! 'आजचे भाव' दाखवणारी दोन ओळींची सिलेक्ट. सरासरी ६ मिलिसेकंद, पण कॉल्स ४,०५,०००. एकूण २,४३० सेकंद, म्हणजे चाळीस मिनिटं. पंचवीस स्क्रीन दर दोन सेकंदांनी विचारतात, नऊ तास. हिशेब बरोबर जुळला.

बेदाणा_ताई · गुरुवार, संध्याकाळी ७:०५

म्हणून मीन_एक्झेक_टाइमवर लावायचं नाही, टोटल_एक्झेक_टाइमवर लावायचं. (आवृत्ती १३ च्या आधी त्या कॉलमचं नाव नुसतं टोटल_टाइम होतं, जुने लेख वाचून क्वेरी चालली नाही तर गोंधळू नका.)

पण मला ते ६ मिलिसेकंदच खुपतायत. भावफलकात ओळी किती?

हळकुंड_सांगली · गुरुवार, संध्याकाळी ७:१२

६४.

बेदाणा_ताई · गुरुवार, संध्याकाळी ७:१४

६४ ओळींना ६ मिलिसेकंद? एक दशांशसुद्धा लागायला नको. पीजी_स्टॅट_युजर_टेबल्समध्ये त्या टेबलाचा एन_डेड_टप बघा.

हळकुंड_सांगली · गुरुवार, संध्याकाळी ७:३०

एन_लाइव्ह_टप ६४. एन_डेड_टप २,१४,०००!!

पण गंमत बघा, लास्ट_ऑटोव्हॅक्यूम एक मिनिटापूर्वीचा. परत बघितलं तर आणखी एक मिनिटानं पुढं. दर मिनिटाला येतोय, झाडू मारतोय, आणि कचरा जागच्या जागी.

आयर्विनवाला · गुरुवार, रात्री ९:४५

हाच तो वास.

पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुनी ओळ खोडून नवी ओळ लिहिणं. खोडलेली ओळ व्हॅक्यूम येऊन उचलतो, पण केव्हा? ती ओळ बघण्याचा हक्क असलेला एकही जुना सेशन उरला नसेल तेव्हा. कुणीतरी जुना स्नॅपशॉट (त्या क्षणी डेटा कसा होता त्याचं चित्र) धरून बसलाय. झाडूवाला दर मिनिटाला येतो, बघतो की कुणीतरी अजून या कागदांवर बसलंय, आणि हात न लावता जातो. तोवर भाव बदलला की आणखी एक मेलेली ओळ. आणि ६४ ओळी वाचायला डेटाबेस दोन लाख प्रेतं ओलांडून जातोय, दिवसातून चार लाख वेळा.

पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्येच बॅकएंड_एक्समिन कॉलम आहे. तो रिकामा नसलेल्या ओळी घ्या, एज फंक्शन लावा, सगळ्यात म्हातारा कोण ते बघा.

हळकुंड_सांगली · गुरुवार, रात्री १०:२०

सापडला. एक्सॅक्ट_स्टार्ट सोमवार दुपारी १२:२०. तीन दिवस! मशीन मालकांच्या केबिनमधलं. खतावणीची स्क्रीन कर्सर (उत्तर थोडं थोडं ओढत राहणारी उघडी क्वेरी) उघडा ठेवून पानापानानं दाखवते. मालकांनी लाईट आल्यावर एका व्यापाऱ्याची खतावणी उघडली, खिडकी खाली सरकवली आणि विसरले. मॉनिटर बंद करून घरी जातात, मशीन चालूच.

ट्रान्झॅक्शनमध्ये यानं काही लिहिलेलं नाही, म्हणून कुणाला अडवलं नाही. म्हणून काल दिसला नाही.

आयर्विनवाला · गुरुवार, रात्री १०:४०

काल दिसला असणार, बघितला नसेल. आपण रांगेतले शोधत होतो, हा एकटा कोपऱ्यात बसलेला.

पीजी_टर्मिनेट_बॅकएंडला त्याचा पीआयडी द्या. नुसत्या पीजी_कॅन्सल_बॅकएंडनं भागणार नाही, तो चालू क्वेरी थांबवतो आणि इथं चालू असं काही नाहीच. मग मिनिटभर थांबा, ऑटोव्हॅक्यूम स्वतःच साफ करेल. टेबल फुगलंय ते मात्र बहुतेक फुगलेलंच राहील, रिकाम्या पानांसकट. त्यासाठी व्हॅक्यूम फुल. ६४ ओळींना डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं, पण तेवढ्यापुरतं पूर्ण टेबल लॉक करतं, म्हणून सौद्याच्या वेळी नको.

पुढं असं होऊ नये म्हणून ॲपच्या युजरला आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लावा, पाच मिनिटं ठेवा. मुळात तो शून्य असतो, म्हणजे मर्यादाच नाही. पण आधी ॲपमध्ये कनेक्शन तुटल्यावर नीट परत जोडायची सोय करा. नाहीतर मालकांच्या स्क्रीनवर लाल अक्षरात काहीतरी येईल आणि फोन परत तुम्हालाच. खरा उपाय म्हणजे खतावणीतला कर्सर काढून पानागणिक वेगळी क्वेरी.

रॅमबाण · गुरुवार, रात्री १०:५५

मग रॅमचं काय म्हणता?

बेदाणा_ताई · गुरुवार, रात्री १०:५८

राहू दे. पुढच्या हंगामात उपयोगी पडेल. 😄

नवखा_मिरज · शुक्रवार, सकाळी १०:०५

हे सगळं हातानं बघत बसण्यापेक्षा ग्राफानावर तयार डॅशबोर्ड लावला तर?

आयर्विनवाला · शुक्रवार, दुपारी १:२०

लावा की, मीही लावलाय. पण डॅशबोर्ड याच व्ह्यूंमधून पाणी भरतो. आधी आडात उतरून बघितलं नसेल तर नळाला गढूळ का येतंय ते कळत नाही. आणि लहान पेढीला मी एवढंच सांगतो: एक टेबल करा, क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी लिनक्सची सोय) दर मिनिटाला पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमधले आयडल नसलेले सेशन वेळ लावून त्यात ओता, सात दिवसांच्या पलीकडचं काढून टाका. "काल सव्वाअकराला काय झालं?" असं विचारलं की उत्तर मिळतं. पहिल्या जातीच्या व्ह्यूला कालचं आठवत नाही म्हणून हा खटाटोप.

हळकुंड_सांगली · बुधवार (पुढचा आठवडा), रात्री ९:००

पाच दिवसांचा हिशेब देतो. पट्टीसाठी एकही लॉक एका सेकंदावर गेलेला नाही, लॉगमध्ये शोधून बघितलं. व्हॅक्यूम फुल शुक्रवारी रात्री केला. भावफलकाची सरासरी ६ मिलिसेकंदांवरून ०.०७ वर. एन_डेड_टप आता दोनशे-तीनशेच्या आत वरखाली होतो. दोन सेकंदांचं विचारणं मी पाचवर नेलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. टाइमआउटनं दोनदा खतावणी तोडली, दोन्ही वेळा मालकच. कर्सर काढायचं काम चालू आहे.

आता नवा विषय. १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्येच संपलीय. पीजी_अपग्रेडनं १७ वर जायचं म्हणतोय. हे आकडे आणि माझ्या क्वेऱ्या तशाच राहतील का?

आयर्विनवाला · बुधवार, रात्री ९:५०

आकडे राहणार नाहीत, मीटर पुन्हा शून्यापासून. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरची आकडेवारीही सोबत येत नाही (ती सोय १८ पासून झाली). म्हणून अपग्रेड झाल्या झाल्या व्हॅक्यूमडीबी चालवा, ॲनालाइझ-इन-स्टेजेस पर्याय लावून. ते विसरून सोमवारी सकाळी सौदे सुरू केले तर सगळ्याच क्वेऱ्या आंधळ्या चालतील. शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज नव्या कॉन्फिगमध्ये पुन्हा लिहा, ती आपोआप जात नाही. एज, ब्लॉकिंग_पीआयडीज, डेड_टप या क्वेऱ्या चालतील. चेकपॉइंटचे आकडे कुठं वापरत असाल तर ते १७ मध्ये पीजी_स्टॅट_बीजीरायटरमधून उठून पीजी_स्टॅट_चेकपॉइंटर या नव्या व्ह्यूत गेलेत. पीजी_स्टॅट_आयओ नावाचा एक चांगला व्ह्यू १६ पासून मिळतो, तो रॅमबाणरावांना दाखवा.

बॅकअप परत उतरवून बघितल्याशिवाय हात लावू नका.

हळकुंड_सांगली · बुधवार, रात्री ९:५८

रविवारी यार्ड बंद असतं, तेव्हा करतो. शनिवारी रात्री यूपीएसची बॅटरी बदलून घेतोय आधी.